मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि मनाची घालमेल



साठी उलटलेल्या मंडळींच्या बैठकींत दोन विषय हमखास निघतात. एक गुडघ्यांचा आणि दुसरा डोळ्यांचा. गुडघ्यांविषयीं माणसें मोकळेपणानें कण्हतात. परंतु डोळ्यांची गोष्ट निघाली म्हणजे आवाज एकदम खालीं येतो. "डॉक्टरांनीं मोतीबिंदु सांगितला आहे. शस्त्रक्रिया करा म्हणतात. पण पाहूं, हें एवढें लग्न पार पडूं द्या." लग्न पार पडतें, तोंच कोणाची मुंज येते. मुंज आटोपते तों गणपति येतात. गणपति गेले कीं पितृपक्ष लागतो, आणि पितृपक्षांत असलें कांहीं नको म्हणून डोळाही लांबणीवर पडतो. मग नवरात्र, दिवाळी, तुळशीचें लग्न आणि पुन्हां लग्नसराई! हें रहाटगाडगें चालूंच राहतें आणि डोळ्यांपुढचें धुकें मात्र दाट होत जातें.

हीं कारणें खोटीं असतात असें माझें म्हणणें नाहीं. चार माणसांत वावरणाऱ्या गृहस्थाला चार ठिकाणचीं निमंत्रणें असावयाचींच. परंतु या बोललेल्या कारणांच्या आड बहुधा एक न बोललेलें कारण दडलेलें असतें, आणि तें म्हणजे भीति. आज मला या भीतीविषयीं बोलावयाचें आहे. मी वैद्य नव्हे. मुलांना शिकविण्यांत उमेदीचीं वर्षें गेलेला एक निवृत्त शिक्षक आहें. पण हा विषय मला अगदीं जवळचा झाला आहे. माझ्या उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरला असून त्याला अवघे तीन आठवडे उरले आहेत. ज्या धड्याची भीति वाटते तो आधीं उघडावा, असें मी वर्गांत मुलांना सांगत असें. तोच उपदेश मीं आतां स्वतःला लागू केला, आणि त्यांतून जें समजलें तें आपल्यापुढें ठेवीत आहें.

प्रथम मोतीबिंदु म्हणजे काय तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी कीं, डोळ्यावर बाहेरून एखादा पडदा वाढतो. तसें नाहीं. डोळ्याच्या काळ्या बाहुलीमागें एक लहानसें पारदर्शक भिंग असतें. मसुराच्या दाण्यासारखें तें मध्यें फुगीर व कडेला निमुळतें असून त्याची रुंदी सुमारें ९ ते १० मिलिमीटर भरते. बाहेरून येणारा प्रकाश आधीं डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक भागांतून आणि मग या भिंगांतून वळून मागच्या दृष्टिपटलावर एकत्र येतो व तेथें चित्र उमटतें. हें भिंग मुख्यतः पाणी आणि प्रथिनें यांचें बनलेलें आहे. प्रथिनांची मांडणी शिस्तशीर असते तोंवर भिंग कांचेसारखें स्वच्छ राहतें. वयोमानानें ती शिस्त मोडते, प्रथिनांचे पुंजके बनतात आणि भिंग गढूळ होतें. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागांतून आरपार दिसतें, आणि शिजल्यावर तोच भाग चुन्यासारखा पांढरा होतो, हें स्वयंपाकघरांत पुष्कळांनीं पाहिलें असेल. भिंगाचेंही कांहींसें तसेंच होतें. शिजलेलें अंडें पुन्हां कच्चें करतां येत नाहीं, तसेंच गढूळ भिंग थेंबांनीं किंवा गोळ्यांनीं पुन्हां स्वच्छ करतां येत नाहीं. मध, गुलाबपाणी, एरंडेल अशा वस्तु डोळ्यांत घातल्यानें गुण तर येत नाहींच. उलट जंतूंना आयती वाट मिळते.

वय हें याचें मुख्य कारण. मधुमेह, डोळ्यास पूर्वीं झालेली इजा, दीर्घकाल घेतलेलीं स्टेरॉइड औषधें, तंबाखूचें धूम्रपान आणि प्रखर ऊन यांमुळें तो लवकर येऊं शकतो. लक्षणें हळूहळू दिसूं लागतात. रात्रीं समोरून येणाऱ्या मोटारीचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. पांढरें धोतर पिवळट वाटतें. चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो. कांहीं जणांना तर मध्यंतरीं चष्म्यावांचून वर्तमानपत्र वाचतां येऊं लागतें आणि ते हर्षभरित होतात. परंतु तो हर्ष फार दिवस टिकत नाहीं.

आतां भीतीकडे वळूं. आपल्या पूर्वजांना या शस्त्रक्रियेची भीति वाटत असे आणि ती अगदीं यथार्थ होती. सुश्रुतसंहितेंत या विकारावरील शस्त्रकर्माचें वर्णन आहे. टोंकदार शलाका डोळ्यांत घालून भिंग प्रकाशाच्या वाटेंतून दूर करावयाचें, अशी जुनी रीत होती. या रीतींत भिंग डोळ्याबाहेर निघत नसे. तें आंतल्या आंत मागें ढकललें जाई. कित्येकांना तत्काळ उजेड दिसे, परंतु पुढें दाह होऊन किंवा डोळ्यांतील दाब वाढून अनेकांचा डोळा कायमचा जाई. युरोपांतही शेंकडों वर्षें हीच पद्धति होती. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याच्या डोळ्यांवर जॉन टेलर नांवाच्या एका फिरत्या नेत्रवैद्यानें १७५० सालीं दोनदां शस्त्रक्रिया केली. दृष्टि आली नाहीं, आणि त्याच वर्षीं बाख मरण पावला.

गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढण्याची रीत झाक दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १७४७ सालीं आरंभिली. डोळ्यापुरती बधिरता आणण्याचा उपाय कार्ल कोलर यानें व्हिएन्ना येथें १८८४ सालीं दाखविला. परंतु भिंग काढल्यावर त्याच्या जागीं घालावयाचें काय, हा प्रश्न राहिलाच होता. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रज वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे कण घुसत. ते डोळ्यांत मुकाट पडून राहतात, दाह करीत नाहींत, हें हॅरोल्ड रिडले या नेत्रशस्त्रज्ञानें पाहिलें. त्याच जातीच्या पदार्थाचें भिंग करवून त्यानें तें लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत १९४९ सालच्या नोव्हेंबरांत एका रुग्णाच्या डोळ्यांत बसविलें. पुढें १९६७ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स केलमन यानें ध्वनितरंगांच्या कंपनानें भिंग आंतल्या आंत बारीक करून शोषून घेण्याची युक्ति काढली. दंतवैद्याच्या खुर्चींत बसला असतां, दांत स्वच्छ करण्याच्या यंत्रावरून त्याला ती सुचली होती.

एवढा इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, आपण आज ज्याला भितों तें पुष्कळदां आजचें नसतें. माझ्या मनांत शस्त्रक्रियेचें जें चित्र होतें तें माझ्या आजीचें. अंधारी खोली, डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलावयाचें नाहीं, खोकावयाचें नाहीं. आणि एवढें सोसून पुढें जन्मभर बाटलीच्या बुडासारख्या जाड कांचांचा चष्मा. मुलांनीं हें पाहिलें आणि तीं मुलें आतां आजोबा झालीं. शास्त्र पुढें गेलें. चित्र मात्र मनांत जेथल्या तेथें राहिलें.

मग आज प्रत्यक्ष काय घडतें? शस्त्रक्रियेपूर्वीं डोळ्याचें मोजमाप घेतात. डोळ्याची लांबी, जी प्रौढांत साधारणपणें २३ ते २४ मिलिमीटर असते, आणि दर्शनी पारदर्शक भागाची गोलाई पाहून कोणत्या शक्तीचें भिंग बसवावयाचें तें गणितानें ठरवितात. नेमलेल्या दिवशीं बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. मग डोळा बधिर करतात. त्यासाठीं कित्येकदां नुसते थेंब पुरतात. कांहींना डोळ्याच्या बाजूस इंजेक्शन देतात. माणूस बहुधा शुद्धींतच असतो. तोंडावर निर्जंतुक कापड घालून तेवढा एक डोळा उघडा ठेवतात. २ ते ३ मिलिमीटरचा छेद घेऊन, भिंगाभोंवतीं जी पातळ पिशवी असते तिला समोरून गोल खिडकी पाडतात. आंतील गढूळ भिंग बारीक करून शोषून घेतात व त्याच पिशवींत घडी केलेलें कृत्रिम भिंग सोडतात. तें आंत गेल्यावर उलगडतें. छेद इतका लहान कीं, बहुधा टांकाही लागत नाहीं. गुंतागुंत नसली तर हें सर्व अर्ध्या तासाच्या आंत आटोपतें आणि माणूस त्याच दिवशीं घरीं येतो.

माझ्या मनांत कांहीं प्रश्न होते. ते बालिश वाटतील, परंतु मला खात्री आहे कीं ते इतरांच्याही मनांत असतात. मध्येंच पापणी मिटली तर? मिटत नाहीं, पापण्या उघड्या धरण्यासाठीं एक लहानसा चिमटा लावलेला असतो. शस्त्र डोळ्याजवळ येतांना दिसेल काय? सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याचा उजेड एवढा प्रखर असतो कीं, बहुतेकांना प्रकाश, रंग आणि हालत्या सांवल्या यांपलीकडे फारसें स्पष्ट दिसत नाहीं. दुखेल काय? स्पर्श व थोडा दाब जाणवतो. वेदना जाणवल्यास सांगावें, बधिरता वाढवितां येते. खोकला आला तर? आधीं बोलून सांगावें, डॉक्टर हात थांबवितात. कांहीं रुग्णालयांत परिचारिका त्या वेळीं रुग्णाचा हात धरून बसते, आणि तेवढ्यानेंही मनाला पुष्कळ धीर येतो. आपल्या रुग्णालयांत तशी सोय आहे काय, हें विचारण्यांत लाज कसली?

परंतु सर्वच भीति निराधार आहे असें सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. शंभरांतील नव्वदांहून अधिक लोकांची दृष्टि या शस्त्रक्रियेनें सुधारते. तरीही क्वचित् पिशवी फाटते, क्वचित् दृष्टिपटलाला सूज येते किंवा तें सुटतें. सर्वांत भयंकर म्हणजे डोळ्याच्या आंत जंतुसंसर्ग होणें. तो साधारणपणें हजारांत एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो, परंतु झाला तर तास मोजावे लागतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर दुखणें वाढूं लागलें, लाली वाढली, दृष्टि अंधुक होऊं लागली, किंवा डोळ्यांपुढें विजा चमकल्यासारखें वाटलें, तर सकाळपर्यंत वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें. कांहीं महिन्यांनीं वा वर्षांनीं ती पिशवीच धुरकट होऊन पुन्हां अंधुक दिसूं लागतें. तो मोतीबिंदु परत आलेला नसतो, आणि लेसर किरणांनीं कांहीं मिनिटांत त्यावर उपाय होतो.

जी चिंता खरी आहे तिचे प्रश्न करून कागदावर लिहावे व तो कागद डॉक्टरांपुढें ठेवावा. माझ्या कागदावर पहिलें कलम औषधांचें आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालूं असतील तर सांगावें. आपल्या मनानें बंद करूं नयेत. पुरुषांना उतारवयांत लघवीच्या तक्रारीसाठीं टॅम्सुलोसिन नांवाचें औषध पुष्कळदां देतात. त्यामुळें शस्त्रक्रियेच्या वेळीं बुबुळ सैल पडून अडचण येते, ही गोष्ट २००५ सालीं प्रथम नजरेस आणली गेली. आधीं ठाऊक असेल तर डॉक्टर तशी तयारी ठेवतात. लघवीच्या औषधाचा डोळ्याशीं काय संबंध, असें म्हणून आपण तें सांगत नाहीं, म्हणून येथें मुद्दाम उल्लेख केला. दुसरें कलम भिंगाच्या निवडीचें. साधें भिंग एका अंतरासाठीं असतें; दूरचें स्वच्छ दिसावें म्हणून तें बसविलें तर वाचावयास चष्मा लागतो. दूरचें व जवळचें दोन्ही दाखविणारीं महाग भिंगें निघालीं आहेत, परंतु त्यांनीं कांहींना रात्रीं दिव्यांभोंवतीं कडीं दिसतात. आपण मोटार चालवितों कीं दिवसभर वाचतों, हें डॉक्टरांना सांगून भिंग निवडावें. केवळ किंमत पाहून निवडूं नये.

आतां लांबणीविषयीं. मोतीबिंदु पिकूं द्यावा, ही समजूत जुन्या पद्धतीच्या काळची आहे. आज दैनंदिन कामांत अडथळा येऊं लागला म्हणजे शस्त्रक्रिया करतां येते. फार पिकलेलें भिंग कठीण होतें, बारीक होण्यास त्रास देतें, कधीं मोठा छेद घ्यावा लागतो, आणि कधीं डोळ्यांतील दाबही वाढतो. शस्त्रक्रिया हिंवाळ्यांतच करावी, हीही तशीच एक समजूत आहे. स्वच्छता पाळली तर बाराही महिने सारखे. दिरंगाईचें एक मोठें उदाहरण फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याचें आहे. त्याला १९१२ सालीं मोतीबिंदूचें निदान झालें. रंग ओळखूं येईनात; चित्रांत तांबूस व पिंगट छटा दाटूं लागल्या. राजकारणांत गाजलेला त्याचा मित्र जॉर्ज क्लेमान्सो स्वतः वैद्यक शिकलेला होता. तो आग्रह करी. तरी भीतीपोटीं शस्त्रक्रिया झाली ती १९२३ सालीं. पट्ट्या, चष्मे, बदललेले रंग यांनीं मोने आरंभीं चिडला. परंतु पुढें रंगीत कांचांच्या चष्म्यानें तो पुन्हां कामाला लागला. त्याचीं कमळांचीं प्रचंड चित्रें पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयांत १९२७ सालीं लोकांसाठीं खुलीं झालीं. त्याच्या आदल्या वर्षींच तो वारला होता. त्याच्या काळीं भिण्यास आधार होता. आपण त्याच्याइतकीं, म्हणजे अकरा वर्षें, थांबण्यास आज तो आधार नाहीं.

मग लग्नें, मुंजी, सभा यांचें काय करावें? त्या सोडाव्यात असें मी म्हणत नाहीं. दिनदर्शिका उघडून हिशेब करावा. दुसऱ्या दिवशीं तपासणी असते. सुमारें आठवडाभर रात्रीं डोळ्यावर संरक्षक झांकण लावावें लागतें. थेंब साधारण महिनाभर चालतात. पहिले कांहीं दिवस डोळ्यांत पाणी जाऊं द्यावयाचें नाहीं, डोळा चोळावयाचा नाहीं, जड उचलावयाचें नाहीं. चष्म्याचा नंबर महिन्या-दीड महिन्यानें ठरतो. दुसऱ्या डोळ्याची पाळी बहुधा निराळ्या दिवशीं येते, आणि तोंवर दोन डोळ्यांचा मेळ न बसल्यानें जिना उतरतांना जपावें लागतें. हें ध्यानांत ठेवून, पहिल्या दोन आठवड्यांत गर्दीचा प्रसंग येणार नाहीं असा दिवस निवडावा. आपल्या समारंभांत डोळ्यांना जपण्याजोग्या गोष्टी थोड्या नाहींत: भिरकावलेल्या अक्षता, होमाचा धूर, उडणारी हळद, विसर्जनाचा गुलाल, रंगपंचमीचे रंग, आणि आजोबांच्या गळ्याला झेंप घेणारीं नातवंडें.

माझ्यापुरतें सांगावयाचें तर पुतण्याचें लग्न शस्त्रक्रियेनंतर सतराव्या दिवशीं आहे. डॉक्टरांना विचारून मी काळा चष्मा लावून जाणार आहें व मागच्या रांगेंत बसणार आहें. मात्र वाचनालयाच्या वार्षिक सभेचें अध्यक्षपद पहिल्याच आठवड्यांत येत होतें. तें मीं पत्र लिहून नाकारलें. लिहितांना संकोच वाटला, पण पत्र पेटींत पडल्यावर जीव हलका झाला. "शस्त्रक्रिया आहे" एवढें स्पष्ट सांगितलें म्हणजे लोक रागवत नाहींत, असा माझा अनुभव आहे.

लोक रागवत नाहींत; मात्र कहाण्या सांगतात! भेटीस येणारा प्रत्येक जण कोणाच्या तरी बिघडलेल्या डोळ्याची गोष्ट घेऊन येतो. श्रोत्यांना माझी विनंति आहे कीं, आपल्या ओळखीचें कोणी शस्त्रक्रियेस निघालें असेल तर त्याला असल्या गोष्टी ऐकवूं नका. त्यापेक्षां "थेंबांच्या वेळा मी सांभाळूं काय?" असें विचारा. दिवसांतून अनेकदां, निरनिराळे थेंब, हात स्वच्छ धुवून घालावे लागतात, आणि एकट्या माणसाला तें अवघड जातें.

शेवटीं घरांतील स्त्रियांविषयीं. आपल्या घरांतून पुरुषाचा डोळा लवकर दिसतो; आईचा दिसत नाहीं. तांदळांतील खडा तिला दिसेनासा झाला, दूध उतूं गेलें, तरी "वय झालें, चालायचेंच" असें तीच म्हणते. सुनेचें बाळंतपण, नातीची परीक्षा, पाहुण्यांची ऊठबस यांत तिची तारीख कधींच लागत नाहीं. अंधुक दृष्टीनें उतारवयांत पडण्याचा धोका वाढतो, आणि खुब्याचें हाड मोडलें म्हणजे काय होतें तें सर्वांना ठाऊक आहे. तिला भीति वाटते काय, असें एकदां शेजारीं बसून विचारा. बहुधा वाटत असते, आणि तें कोणीं विचारलेलें नसतें.

माझी भीति सर्वस्वीं गेली असें मी सांगणार नाहीं. रात्रीं दिवा मालविल्यावर ती अजून येते. परंतु पूर्वीं ती नुसतीच येऊन बसे. आतां तिच्या हातांत मी प्रश्नांचा कागद देतों, आणि सकाळीं त्यांत एखाद्या कलमाची भर पडलेली असते. आपल्यापैकीं ज्यांना मोतीबिंदु सांगितला आहे त्यांनींही असा एक कागद आजच करावा, चालूं असलेल्या सर्व औषधांचीं नांवें त्यावर लिहावींत, आणि डॉक्टरांकडून दिवस ठरवून घेऊन मगच पुढचीं निमंत्रणें स्वीकारावींत. एवढें सांगून आपली रजा घेतों.